उंबराचं आवतण

बळीरामशेठने लेकीसाठी फिरती खुर्ची आणली, तेव्हा तिचा बी.कॉम.चा निकालही लागला नव्हता. रेती-खडीचा धंदा, गव्हाणच्या रस्त्यावर नवं ऑफिस. "माझी रंजिता बसंल यावर," तो येईल-जाईल त्याला सांगे. खुर्चीवरचं प्लास्टिक मात्र त्याने तसंच ठेवलं होतं. शेजारच्या भरतचं लग्न आटोपलं, की ते रंजितानेच काढायचं होतं.

भरतच्या हळदीला रंजिताला एकच काम मिळालं : भाविकाला सांभाळायचं. भाविका ही भरतची शेंडेफळ बहीण. बोलायची नाही, नजरेला नजर द्यायची नाही, आणि काही बिनसलं की सारी आळी डोक्यावर घ्यायची. तिची आई माधुरी काकुळतीने म्हणाली, "आजचा दिस निभावून ने गो बाय. हिनं तमाशा केला, तर उद्या लग्नाला हिला आणायची नाय. नेऱ्याला मामाकडं धाडायची ठरलंय."

मांडवात गोदाकाकी धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. ती गाऊन देवांना आवतण देते, पूर्वजांना देते, विहिरीच्या पाण्याला देते, मांडवात रोवलेल्या उंबराच्या फांदीलासुद्धा देते, तेव्हा कुठे हळद लागते. भाविका डोळे मिटून डुलत होती. बाहेर डीजेवाली पोरं चुळबुळत होती.

"काकी, आटपा! आमचा साऊंड तापलाय!"

"तुमच्या साऊंडला पान्यात बुडवा रे," काकी फणकारली, पण घाईघाईने गाणं आवरलं. हळदीचं ताट उचललं गेलं.

भाविका उठली आणि थेट उंबराच्या फांदीला मिठी मारून किंचाळायला लागली.

रंजिताने मोबाइल पुढे केला. तो हळदीच्या ताटात जाऊन पडला. पेढा दिला, तोही भिरकावला गेला. "उचला तिला," मागून कोणी म्हणालं. माधुरीने पदराने डोळे पुसले. "गाडी काढा. नेऱ्याला नेऊ."

"थांब ना काकी, जरा," रंजिता म्हणाली. काय करावं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती नुसती भाविकाच्या शेजारी मातीत बसली, हात न लावता. किंचाळणं ओसरलं, तेव्हा त्याखालून भाविकाची बारीक गुणगुण ऐकू आली. धवल्याचीच चाल. ती प्रत्येक वेळी एकाच जागी येऊन अडत होती, पुढची पायरीच नसलेल्या जिन्यासारखी.

"गोदाकाकी, तुमचं काही राहिलं का गायचं?"

काकीने जीभ चावली. "अगो बया! उंबराचं आवतण राहिलं! या साऊंडवाल्यांनी घाई लावली मेल्यांनी."

ती पुन्हा बसली, शांतपणे उंबराला बोलावणं गायली. भाविकाने एकेक बोट सोडवलं आणि काकीच्या मांडीला टेकून बसली.

"झाडाला आवतण देतो आमी," काकी माधुरीकडे बघत म्हणाली, "आन् घरच्या पोरीला नेऱ्याला धाडता व्हय?"

दुसऱ्या दिवशी वरातीत भाविका होती, कानांत कापसाचे बोळे घालून, भावाच्या शेल्याचं टोक मुठीत धरून. रंजिता तिच्याकडे बघत चालत होती. काल आपण गाडीत बसवून पाठवलं असतं तर हिचं काय म्हणणं होतं ते कळलंच नसतं, हा विचार तिला सोडेना. महिन्याभरात तिने बापाला सांगून टाकलं : विशेष मुलांना शिकवायचं बी.एड. करायचंय.

"आन् माझ्या खुर्चीचं काय?" बळीरामशेठ ओरडला. मग बरेच दिवस तो तिच्याशी फक्त जेवणापुरतं बोलला.

आता रोडपालीतल्या विशेष मुलांच्या शाळेत रंजिताचा वर्ग भरतो, भाविकाही त्यात आहे. बापाच्या ऑफिसातली ती फिरती खुर्चीही रंजिताने वर्गात आणून ठेवलीय. तिच्यावर गरगर फिरायला पोरांची झुंबड उडते. सकाळी रंजिता एकेकाला गाऊन बोलावते, फळ्याला आणि पंख्यालाही. मग दिवस सुरू.

परवा बळीरामशेठ दारात उभा राहिला. "खुर्ची न्यायला आलोय," म्हणाला, पण बरोबर टेम्पोबिम्पो काही नव्हता. रंजिताने पाटी-पेन्सिली वाटायला घेतल्या, तर भाविका जागची हलेना. दाराची चौकट घट्ट धरून ती गुणगुणत राहिली.

रंजिता हसली आणि बापाचं नाव घेऊन गायली.

भाविकाने चौकट सोडली. "आता बोलावलंच हाय तर..." असं पुटपुटत शेठने चपला काढल्या. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून तो रांगेत उभा राहिला.