कालवडीची लस

कालवडीने मान झटकली आणि तिच्यासाठी धरलेली सुई माझ्या डाव्या अंगठ्यात शिरली. हातात मोजा होता, पण सुईपुढे मोज्याचं काय चालतं? हात मागे ओढला तेव्हा पातळ रबराच्या आत रक्त पसरताना दिसत होतं.

आंजीजवळच्या एका कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, हे घडलं. मी जनावरांची डॉक्टर, महाविद्यालयात शिकवतेही. आमचा गट ब्रुसेलोसिसवर संशोधन करतो. या रोगात गाभण गाई-म्हशी दिवस भरायच्या आत गाभ टाकतात. अशा गाईंचं रक्त घ्यायचं, पडलेल्या वासराचे आणि त्याच्यामागून पडणाऱ्या वारेचे नमुने प्रयोगशाळेत न्यायचे, आणि त्याच कोठ्यातल्या लहान कालवडींना लस देऊन पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, असं आमचं काम. ती लस जिवंत जंतूंची असते. कालवडीला त्यातून संरक्षण मिळतं. माणसाच्या अंगात गेली तर रोगच होऊ शकतो.

कोठा ज्यांचा होता त्या काकू दावं धरून उभ्या होत्या.

"काय झालं वो मॅडम? पांढऱ्याफट पडल्या तुमी."

"सुई लागली, काकू."

"जनावराचीच दवाई हाय ना ते? माणसाले काय होते त्यानं?"

मी नळाखाली अंगठा धरला, साबण लावला, धुतला, पुन्हा साबण लावला. आमच्या गटातले वरिष्ठ सर गाडीतून ओरडले, "राहू द्या ते सगळं. आधी दवाखान्यात चला."

वर्ध्यातल्या दवाखान्यात डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकलं, गोळ्या लिहायला घेतल्या आणि पेन तसंच धरून विचारलं, "मागची पाळी कधी आली होती?"

मी बोटांवर मोजू लागले आणि मधेच थांबले. ऊन, गाडीतली धावपळ, वेळी-अवेळी जेवण, म्हणून लांबली असेल असं मी धरून चालले होते. त्यांनी तिथेच तपासणी करून घेतली. मला दिवस गेले होते.

लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही या बातमीची वाट पाहिली होती. नवरा आर्वीला शिकवतो. त्याला फोनवर मी फक्त सुईचं सांगितलं. तो मिळेल त्या एस.टी.ने आला. स्टँडवरच, चहाच्या टपरीशेजारी, मी त्याला दुसरं सांगितलं. त्याचा चेहरा फुलला. तो हसायलाच लागला होता, मग माझ्याकडे बघून थांबला.

"काऊन रडून राह्यली?"

"मी काय काय पाह्यलं ते तुला नाही माहीत," मी म्हणाले.

खरंच माहीत नव्हतं. कोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली, अंगावर धड केसही न आलेली वासरं मी प्लास्टिकवर उचलून ठेवली होती. रोगट वार ओल्या चामड्यासारखी जाड होते, ती मी कात्रीने कापली होती. इतकी वर्षं ते माझं काम होतं. आता भात कालवताना, आंघोळ करताना, भर वर्गात शिकवताना तेच डोळ्यांपुढे यायचं आणि हात आपोआप पोटावर जायचा.

डॉक्टरबाईंनी पोटातल्या बाळाला चालतील अशा गोळ्या दिल्या. "गाईत होतं तसंच बाईत होईल असं नाही," त्या म्हणाल्या. "पण धोका नाहीच असं मी म्हणणार नाही." मी शोधनिबंध वाचत बसायचे. एकाने धीर यायचा, दुसऱ्याने जायचा. शेवटी नवऱ्याने लॅपटॉप कपाटात ठेवून दिला.

सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा होता. हा ताप संध्याकाळी चढतो हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते, त्यामुळे दिवस कलला की मी पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावायचे. पाचव्या महिन्यात एकदा अंग खरोखरच तापलं. हुडहुडी भरली. माझं रक्त आमच्याच प्रयोगशाळेत गेलं आणि सरांनी स्वतः तपासलं. ती तपासणी मी असंख्य वेळा केलेली होती. काचेवर आता काय दिसत असेल, या विचाराने मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. फोन वाजला तरी मला उचलवेना. नवऱ्याने उचलला.

"काही नाही म्हणतात," तो म्हणाला. ताप साध्या सर्दी-खोकल्याचा होता.

त्याच सुमारास काकूंचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं.

"घाबरू नोका, बाई. ज्या गाईनं गाभ टाकला तिची वार म्या हातानं वढली होती. मले काई झालं नाई. कंबर तेवढी दुखते, अन् सांजच्याले आंग गरम होते. बाकी काई नाई."

कंबरदुखी आणि संध्याकाळचा ताप, हीच तर या रोगाची लक्षणं. त्या मला धीर देत होत्या आणि मला मात्र त्यांच्यासाठी घाम फुटला होता.

"काकू, रक्त द्याल? उद्याच?"

"माह्यं काऊन?"

त्यांच्या रक्तात ब्रुसेलोसिसचा जंतू निघाला. कधी मलेरिया तर कधी वय झालं म्हणून त्यांना गोळ्या मिळत होत्या. आता नीट उपचार सुरू झाले. पहिल्या पंधरवड्यातच त्यांनी फोन करून सांगितलं, "आता सांजच्याले आंगणात बसतो मी, पांघरूण घेऊन पडत नाई." मला बरं वाटलं. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, त्यांचा ताप इतके महिने कोणाला कळला नाही, मग माझ्यातलंही काही लपून बसलं असेल का?

दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. ती रडली, सगळे हसले. मी मात्र डॉक्टरबाईंना विचारलं, "वार बघितली का? जाड आहे का?"

"दिसायला चांगली आहे. तरी बाळाच्या रक्तासोबत तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या. माझी आई देवळीहून आली होती. तिला काही कळेना. ती म्हणाली, "लेकराकडे पाह्य ना आधी."

मी पाहत होते. तिची छाती वरखाली होताना पाहत होते, कपाळाला हात लावून पाहत होते, दूध कमी प्यायली तर आईला पुन्हा पुन्हा विचारत होते. जंतूंची वाढ व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अहवाल लगेच येणार नव्हता. भेटायला येणाऱ्या बायकांशी मी बोलायचे, पण त्या काय म्हणाल्या ते मला काहीच आठवत नाही.

अहवाल आला तेव्हा दुपार होती. सर स्वतः घरी आले, चपला काढायच्या आधीच म्हणाले, "वार स्वच्छ आहे. मुलीचं रक्तही स्वच्छ." नवरा दारातच खाली बसला. आईने सरांना आत बोलावलं आणि चहा ठेवला. मी मुलीला तिच्याजवळ दिलं, भिंतीकडे तोंड करून आडवी झाले आणि इतकी गाढ झोपले, की मुलगी भुकेने रडत होती तरी मला ऐकू आलं नाही. आईने खांदा हलवून उठवलं.