बंद दाराबाहेरचं कौतुक

माझी नात बंद दाराआड खरोखर रडत होती आणि मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्या अभिनयाला मान डोलवत होते. तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडलेली, म्हणजे अक्कल यायची होती.

अभिनयातलं मात्र मला सगळं कळत होतं, कारण सोसायटीच्या गणपतीत मी एका नाटकात राणीच्या मागे चवरी ढाळत उभी राहिले होते. त्यामुळे पाच वर्षांच्या नातीला जाहिरातीत काम करायचंय म्हटल्यावर एजन्सी मीच शोधली. शोधली कसली! कात्रजला बसमधून पाटी दिसली, उतरले आणि वर गेले. गार हवा, भिंतीवर गोंडस मुलांचे फोटो, रिसेप्शनवरची मुलगी मला 'आपण' म्हणणारी. स्थळ पसंत करावं तशी मी एजन्सी पसंत करून टाकली.

"आई, कुणाकडे चौकशी केलीत का?" सुनेनं फोनवर विचारलं.

"मला माणसं कळतात," मी म्हणाले.

ऑडिशनला एका तरुणानं नातीला आत नेलं. "आपण बाहेरच थांबा, घरचं माणूस असलं की मुलं बुजतात." तिनं एकच वाक्य पाठ केलं होतं, 'मला अजून एक बिस्कीट हवंय!' थोड्या वेळानं आतून हुंदके आले. मग मोठ्यानं रडणं. मग "आजी! आजी!"

"ऐकलंत?" मी शेजारच्या बाईंना म्हणाले. त्या हडपसरहून मुलाला घेऊन आल्या होत्या. "आमचीच. उपजतच आहे तिच्यात."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "अहो, पण बिस्किटाच्या जाहिरातीत आजी कुठून आली?"

मी ताडकन उठले. दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "शूट चालू आहे." मग मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. कडी निघेपर्यंत मनात जे येऊन गेलं ते आजही लिहवत नाही.

नात स्टुलावर बसली होती. नाक वाहत होतं, समोर कॅमेरा.

"काही नाही हो," तरुण म्हणाला, "नॅचरल इमोशन पाहिजे होतं. तिला सांगितलं, आजी तुला सोडून घरी गेली."

"तुमच्या आजीचा पत्ता द्या," मी म्हणाले, "त्यांना घेऊन येते. मग बघा नॅचरल इमोशन."

नातीला कडेवर घेतलं आणि तडक घरी आणलं. पुढे कितीतरी दिवस मी बाथरूममध्ये गेले की नात दाराबाहेर बसायची. "आजी, आहेस ना?" मी अंगाला साबण लावता लावता ओ देत राहायचे. सून मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं.

मला वाटलं, विषय संपला. पण वर्षभरानं नात पुन्हा आरशासमोर उभी. "आजी, मला परत जायचंय."

या वेळी मात्र खऱ्या स्थळाची करतात तशी चौकशी केली. काम केलेल्या मुलांच्या आयांना गाठलं. प्रत्येक एजन्सीला फोनवर पहिला प्रश्न, "मूल कॅमेऱ्यासमोर असताना आत घरचं कोण बसतं?" कुणी "बघू" म्हणालं, कुणी आधी फोटोंचे पैसे भरायला सांगितले. एकच बाई म्हणाल्या, "घरचं माणूस मुलाला दिसत नसेल, तर आम्ही कॅमेरा सुरूच करत नाही." तरी आधी मी एकटीच जाऊन आले. खुर्ची खरंच कॅमेऱ्याशेजारी होती. बसूनसुद्धा पाहिली.

ऑडिशनच्या दिवशी त्याच खुर्चीवर मी पर्स घट्ट धरून बसले. प्रसंग मोडक्या बाहुलीचा होता. नातीचे ओठ थरथरले, डोळे भरले, हुंदका फुटला. मी कधी उठले मलाच कळलं नाही. पर्स पडली आणि माझी पाण्याची बाटली गडगडत थेट कॅमेऱ्यासमोर गेली.

बाईंनी कॅमेरा थांबवला. नातीनं फ्रॉकला डोळे पुसले, बाटली उचलून आणली आणि माझे दोन्ही खांदे दाबून मला खाली बसवलं.

"आजी, हे खोटं रडणं आहे. खरं असेल तेव्हा मी तुला हाक मारीन. तेव्हा मात्र लगेच ये."