लेन्सचा नंबर

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मोबाइल असताना तो जुना जड कॅमेरा गळ्यात घालून का फिरतेस?" तेव्हा मी हसून टाळलं. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी उत्तर लिहून ठेवते. जिथे अडेल तिथे आईकडून वाचून घ्या. नोकरीतल्या पुष्कळ घटना आता पुसट झाल्या आहेत. ही एक मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी जबलपूरच्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. मदन महल भागात एक बाई पासपोर्ट फोटोचं छोटं दुकान चालवत असे. एका दुपारी ती आत जेवायला गेली आणि काउंटरवरचा डीएसएलआर कॅमेरा नाहीसा झाला. कॅमेरा जुना होता, पण नवा घेतला तेव्हाचं बिल तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं.

"शाळेच्या फोटोंचं काम आहे हातात," ती जबलपुरी मराठीत म्हणाली. "मोबाइलवर काढीन तर हेडमास्तर म्हणतील, एवढं तर आमचा शिपाई पण काढते."

मी गुन्हा दाखल केला. पाचव्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, की जवळच्या सिहोरा गावचा एक लग्नाचा फोटोग्राफर अगदी तसाच कॅमेरा साफ करून घ्यायला जबलपुरात नेपियर टाउनमधल्या दुकानात आला आहे. हवालदार गेला आणि साफसफाई व्हायच्या आतच त्या तरुण फोटोग्राफरला कॅमेऱ्यासकट घेऊन आला. जप्तीचा पंचनामा झाला: 'काळ्या रंगाचा कॅमेरा, एक नग', पुढे नंबर. नंबर बाईच्या बिलाशी जुळला. मी सही केली.

"मॅडम जी, केस तो खुल गया," ठाण्याची लिखापढी सांभाळणारा मुन्शी म्हणाला. "समोसे मंगवा लूँ?"

तो तरुण विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबातला होता. पंचविशीचा असेल.

"सहा वर्षांपासून माझा आहे जी हा कॅमेरा."

"बिल?"

"सेकंडहँड घेतला होता. बिल कोण देते?"

"मग हा नंबर त्या बाईंच्या बिलावर कसा आला?"

तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मी लग्नघरात फिरतो. बाया दागिने घालून बसल्या राहतात, खोल्या उघड्या राहतात. चोरीत नाव आलं तर कोण घरात घेईल मला? धंदा तर गेलाच, गावात तोंड दाखवायचं कसं?"

सराईत चोराकडे गोष्ट तयार असते. ती तो दहा वेळा सारखीच सांगतो. याचं तसं नव्हतं. कॅमेरा कोणाचा, असं विचारलं की तो सरळ माझ्याकडे पाहून बोलायचा. मुन्शीने नंबर वाचला की मान खाली जायची. हे मला खटकत राहिलं.

त्याच्या आदल्या वर्षी मीही तसलाच एक जुना डीएसएलआर घेतला होता, रविवारी पक्ष्यांचे फोटो काढायला. त्यामुळे एक गोष्ट मला ठाऊक होती. या कॅमेऱ्याची लेन्स निघते. लेन्सचा नंबर वेगळा असतो आणि बॉडीचा, म्हणजे मागच्या मुख्य भागाचा, वेगळा. पंचांना पुन्हा बोलावलं, सील उघडलं आणि कॅमेरा उलटा केला. बॉडीचा नंबर तळाशी होता, आणि तो बाईच्या बिलावर नव्हता. बिलावर दोन नंबर होते. हवालदाराने लेन्सच्या कडेवर दिसला तो नंबर पाहिला, बिलावरच्या एकाशी जुळवला आणि तिथेच थांबला. मोटरसायकल असती तर त्याने इंजिन आणि चेसिस दोन्ही तपासले असते. कॅमेरा म्हणजे एक नग, आणि एका नगाला एकच नंबर, ही ठाण्याची सवय. मीही वस्तू हातात न घेता सही केली होती.

आता तो तरुण बोलला. एका वरातीत धक्का लागून त्याची लेन्स फुटली होती. ही लेन्स त्याने दोनच दिवसांपूर्वी जुन्या सामानाच्या दुकानातून बिनबिलाची घेतली होती.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"वाटलं, लेन्स चोरीची निघाली तर तुम्ही कॅमेरा पण चोरीचाच म्हणाल."

आम्ही नेमकं तेच म्हणत होतो.

वरिष्ठांचा फोन आला. "कागद पूर्ण आहे. बॉडी दुसऱ्या कुणाची चोरली असेल. आरोपपत्र टाका."

मी दोन दिवस मागून घेतले. त्याचा भाऊ सिहोऱ्याहून बसने जुन्या फोटोंची हार्ड डिस्क घेऊन आला. जुन्या कॅमेऱ्यात आत सेन्सरवर धूळ बसते, आणि तिचा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. आकाशाच्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. माझ्या कॅमेऱ्यातल्या अशाच डागाने मला बरेच दिवस छळलं होतं. पंचांसमोर ठाण्याच्या अंगणातून आकाशाचा फोटो काढला. उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके होते, एक मोठा, दोन बारीक. मग तीन वर्षांपूर्वीचे लग्नाचे फोटो उघडले. घोड्यावरच्या नवरदेवामागच्या आकाशात तेच तीन ठिपके.

मुन्शीने चष्मा पुसून पाच-सहा फोटो पाहिले. "मॅडम जी, दूल्हे बदलते गए, दाग वही है."

माझा स्वतःचा तो जुना कॅमेरा माझ्याकडे नसता तर मी आरोपपत्र टाकलं असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

जुन्या सामानाचा दुकानदार दुसऱ्याच प्रश्नाला फुटला. चोराने कॅमेरा त्याला विकला होता आणि ओळख पटू नये म्हणून दुकानदाराने लेन्स व बॉडी वेगळी केली होती. बाईची बॉडी त्याच्या पोटमाळ्यावर सापडली. चोरही मिळाला आणि तो तरुण सुटला. कोर्टाच्या आदेशाने बाईला तिच्या दोन्ही वस्तू परत मिळाल्या आणि शाळेचे फोटोही तिनेच काढले.

एक काम उरलं होतं. मी रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, लिहिलं, की जप्तीत लेन्सचा नंबर कॅमेऱ्याचा म्हणून लिहिला गेला, आणि त्याखाली सही माझी आहे. मुन्शी म्हणाला, "रहने दीजिए न, किसे पता चलेगा?" पण ती नोंद नसती तर त्या तरुणावरचा संशय कागदावर तसाच राहिला असता. वरिष्ठांनी माझ्या फाइलमध्ये ठपक्याचा शेरा मारला. तो मी मान्य केला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जप्तीची वस्तू हातात घेऊन, उलटी करून पाहिल्याशिवाय सही केली नाही. आणि एवढंही शिकले, की माणूस घाबरूनही गोष्ट लपवतो. त्याचं लपवणं पकडलं म्हणजे गुन्हा पकडला, असं होत नाही.

सिहोऱ्याच्या बाजारात त्या तरुणाचं फोटोचं दुकान आजही चालू आहे. पाटीवर त्याचं स्वतःचं नाव आहे.