दिराचा पुतळा, नवऱ्याचं तोंड

आमच्या गावच्या चौकात हुतात्म्यांचा ओटा आहे. शिळेवर तीन नावं आहेत. वरची दोन फार जुनी. त्या माणसांना पाहिलेलं आता गावात कुणी उरलेलं नाही. तिसरं नाव माझ्या धाकट्या दिराचं. तो सीमेवर कामी आला तेव्हा त्याच्या लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती. शिळेच्या बाजूला वर्दीतला अर्धा पुतळा आहे, तोही त्याचाच, असं गाव समजतं.

पुतळ्याला तोंड मात्र माझ्या नवऱ्याचं आहे, आणि ते मी बसवलं.

त्याचं असं झालं. पुतळा करायचं ठरलं तेव्हा बीडहून मूर्तिकार आला आणि म्हणाला, फोटो द्या. घरात दिराचा एकच फोटो होता, भरतीच्या वेळचा. सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवून त्याला रोज ओलं गंध लावलं होतं, काचेवर नाही, थेट कागदावर. आधी कपाळ गेलं, मग डोळे गेले. शेवटी टोपी आणि हनुवटी राहिली. दुसरा फोटो पलटणीचा, त्यात साऱ्यांची तोंडं ज्वारीच्या दाण्याएवढी. मूर्तिकार म्हणाला, "चेहऱ्यानं मिळतंजुळतं माणूस असंल तर समोर बसवा. बाकी मी बघतो."

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हे बसतील की! सख्खे भाऊ हायेत. नाक तर तंतोतंत."

तंतोतंत कुठलं! दिराचं नाक बसकं, ह्यांचं धारदार. दीर हसला की त्याचे डोळे मिटायचे, आणि हे तर हसायचेच नाहीत. पण मी पंचविशीतली. अक्कल चिमूटभर आणि नवऱ्याचं कौतुक मणभर. धोतर-टोपीतला आपला माणूस वर्दीत कसा दिसतो ते मला बघायचं होतं. हे म्हणाले, "अगं, जित्या माणसाचा पुतळा करतेत का कुठं?" मी म्हटलं, "तुमचा कुठं? भावजींचा हाय." आणि मूर्तिकाराच्या पाठीशी उभी राहून मी हुकूम सोडायला लागले. मिशी झुपकेदार काढा. गालावरचे देवीचे व्रण नकोत. मान ताठ पायजे. घरची सून नव्हे, जशी काही मीच कंत्राटदार! ह्यांनी जन्मात एकदाच वर्दी घातली, ती सिमेंटची.

जावेला, म्हणजे दिराच्या बायकोला, कुणी काही विचारलं नाही. ती आतल्या खोलीत बसून होती. विचारायला जायचं कुणी? घरात मोठी सून मीच.

अनावरणाला साहेब आले, भाषणं झाली, शाळेच्या पोरांनी गाणं म्हटलं. हार घालायला जावेला पुढं बोलावलं. तिनं मान वर केली, एकदा पाहिलं, आणि झटक्यात पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. सारं गाव हुंदके द्यायला लागलं. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको भायाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, तोंडाकडं बघत नाही. तो ओसरीवर आला की ती उठून आत जाते. आणि मी त्या पोरीला भर चौकात भायाच्या गळ्यात हार घालायला उभं केलं होतं.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "थोरल्याला कशापायी उभं केलंस गं तिथं?"

तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ती तशीच पदर ओढून, चाचपडत हार घालते. गुरुजी पोरांना सांगतात, वीरपत्नीचं दुःख बघा. मी मागच्या रांगेत स्वतःच्या चपलांकडं बघत उभी असते.

एवढ्यानं मला शहाणपण आलं असेल असं वाटेल. कुठलं! चार वर्षांमागं हे गेले. घरात ह्यांचे फोटो आहेत, पण ते म्हातारपणचे, गाल आत गेलेले. चौकातले हे तिशीतले. मग भाजीला निघाले की मी ओट्यापाशी टेकते आणि गाऱ्हाणी सांगते. विहिरीची मोटर पुन्हा जळाली, तुमच्या लाडक्या लेकाला सांगून दमले. गावाला वाटतं, म्हातारीची दिरावर लई माया. मी वाटू देते.

यंदा ओटा दुरुस्तीला काढला. पुतळ्याचा एक कान पडलाय, वर्दीला चिरा गेल्यात. आता धातूचा नवा करणार आहेत. सरपंच घरी आला. माझ्या नातवाच्या वयाचं पोरगं ते.

"आजी, आता कम्प्युटरवर चेहरा करतेत. ज्यानं बघितलंय त्यानं जवळ बसून सांगायचं, डोळे असे, नाक असं. सांगणारं कुणी असलं तर बघा. न्हाईतर ह्याच पुतळ्याचा साचा घेतो."

सांगणारं एकच माणूस उरलंय. दिराला आठवायला गेलं की माझ्या डोळ्यांपुढं पुतळाच येतो.

बरेच दिवस मी गुडघ्यांचं निमित्त सांगून टाळलं. मग एका सकाळी अंगण ओलांडून जावेच्या खोलीत गेले. ती तूर पाखडत होती. सरपंचाचं बोलणं तिला सांगितलं आणि विचारलं, "तुला त्याचं तोंड आठवतं का गं?"

"आठवतं की. म्हणून तर वर बघत न्हाई."

मला काही कळेना.

"अक्का, मी काय एवढी वर्सं भायाची लाज धरून ऱ्हायले व्हय? वर बघितलं की तेच तोंड डोळ्यांत बसंल. मग आमच्या ह्यांचं कुठं ठिवू?"

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"आन तुमी कुणाशी बोलत बसता तेबी मला ठावं हाय. जरा हळू बोलत जा. परवा मोटरीचं भांडण गिरणीपस्तोर ऐकू आलं."

मला हसू फुटलं, आणि लगेच हसल्याची शरम वाटली.

"तू सांगितलंस तर तुझ्या माणसाचं तोंड होईल तिथं," मी म्हटलं. "सांगतीस का?"

तिचे हात थांबले. ती सुपाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हाय तेच ऱ्हाऊ द्या. तुमाला तेवढाच आधार."

आमच्याकडं पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. पंगतीतलं माणूस ताटावर हात आडवा धरतं, आणि आपण तरी पोळी वाढायची असते. माझ्या आग्रहाला तर पाहुणे घाबरतात. तीनदा विचारल्याशिवाय मी कुणाला पानावरून उठू दिलेलं नाही. तिचे हात थांबलेले मी पाहिले होते. तरी तिला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. "बरं," म्हटलं आणि उठले. ती आणखी काही बोलेल, या भीतीनं अंगण भराभरा ओलांडलं.

संध्याकाळी सरपंच आला. मी म्हटलं, "सांगणारं कुणी उरलं न्हाई रं बाबा. साचा घ्या."