आलेबाईंचं जांभळं द्रावण

प्रयोगशाळेत त्यांना सगळे आलेबाई म्हणत. मुलं हाताशी आल्यावर पदवीसाठी संशोधनाला बसलेल्या बाईला लोक काहीतरी म्हणणारच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आल्यात जिंजेरॉलसारखी झीज रोखणारी द्रव्यं कोणती आणि किती, हे त्या मोजत. जांभळ्या द्रावणात आल्याचा अर्क घालायचा. अर्कात जितका दम, तितका रंग उडतो, आणि उरलेला रंग यंत्र मोजतं.

त्यांच्या आल्याने रंग पार उडवला. झालं, बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. घरात कुणी शिंकलं की व्याख्यान, आणि सासूबाईंना रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर आल्याचं पाणी. आज दुपारी समितीपुढे निकाल मांडायचा होता. तो पटला तर पदवी, नाहीतर आणखी एक वर्ष.

समितीला दाखवायला म्हणून त्यांनी आलं न घातलेली एक नळी खणातून काढली आणि खिडकीत, बाकीच्या नळ्या नेहमी असत तिथेच ठेवली. केस नीट करून परत येतात तो काय, तीही फिकी पडलेली. आल्याचा थेंब नसताना. सुंठीवाचून खोकला गेला तो असा.

हे द्रावण उजेडात ठेवू नये, हे नव्या मुलींना बजावून सांगणाऱ्या बाई कोण? याच. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी नळी बेसिनवर तिरपीसुद्धा केली. मग नाक दाबून पेला रिकामा करणाऱ्या सासूबाई आठवल्या, आणि त्या नळी घेऊन मार्गदर्शक मॅडमकडे गेल्या.

"मॅडम, रंग उन्हाने उडवलाय. आल्याने किती, ते मला माहीत नाही."

"खिडकीत का ठेवल्यास?"

"उन्हात जांभळा रंग छान दिसायचा."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "समितीला मी कळवते. सगळं पहिल्यापासून कर. अंधारात."

संध्याकाळी आलेबाईंनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. "तुम्हाला उगाच पाजत राहिले हो. आता नका पिऊ."

"मला कुठे खोकला होता?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पदवीसाठी पीत होते. आणखी एक वर्ष म्हणालीस ना?"

आणि त्यांनी पेला पुढे ओढून नाक दाबलं.