सुतळी गुंडाळलेला लिव्हर

एकाहत्तरच्या लढाईनंतर माझी बदली भिंगारला, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये झाली. मी हवालदार मेकॅनिक. सहाला पी.टी., साडेसातला हजेरी, आठला काम.

आमच्या क्रेनच्या लॉरीला बाजूला दोन लिव्हर होते. एकाने लटकवलेलं इंजिन हळू खाली यायचं. दुसऱ्याने क्रेनचा अख्खा हात सुटायचा. दोन्ही एकाच मापाचे, एकाच काळ्या रंगाचे. तिघे चुकले, नशिबाने वाचले. वरून दरवेळी एकच उत्तर : ऑपरेटरला जादा ट्रेनिंग द्या. शेवटी मी दुसऱ्या लिव्हरला सुतळी गुंडाळली. हाताला खरखरीत लागलं की माणूस थांबायचा. पुढे कोणी चुकलं नाही.

मग वार्षिक इन्स्पेक्शन आलं. सुभेदारसाहेब म्हणाले, "सुतळी काढ. विनापरवाना काही दिसता कामा नये."

"काढली तर माणूस मरेल, साहेब."

"आवाज खाली, हवालदार."

मी सोडलं नाही. अर्धा तास घासाघीस केली. सौदा ठरला : सुतळी एक दिवस काढायची, ब्रिगेडियरसाहेब गेले की परत बांधायची. मीच ती कापली, वर काळा रंग दिला.

ऑपरेटर होता लान्सनाईक एकनाथ, पारनेरकडचा. लिव्हरकडे बघून म्हणाला, "उस्ताद, नवरदेवावानी सजवलाय की!"

साडेदहाला डेमो सुरू झाला. इंजिन वर गेलं. "लोअर!" ऑर्डर आली. एकनाथची नजर इंजिनावर होती. तिथेच हवी होती. त्याने हाताने लिव्हर चाचपला. गुळगुळीत लागला म्हणजे बरोबर, हे मीच त्या हाताला शिकवलं होतं.

क्रेनचा हात कोसळला. इंजिन झोका घेऊन एकनाथवर आलं. दहा एकेचाळीस.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिलं, ऑपरेटरची चूक. माझ्या जबाबातली सुतळी वगळली. मी भांडलो, सही केली नाही. हवालदार म्हणूनच घरी आलो.

परवा प्रवासी विमान पडल्याची बातमी वाचली. वैमानिकाचं ट्रेनिंग कमी पडलं म्हणे. चौकशी अजून सुरूही झाली नव्हती. त्याच्या हाताखालचे स्विच कसे होते, हे कोणी विचारलं नव्हतं.

एकनाथची ट्रंक घेऊन मी त्याच्या गावी गेलो होतो. वडिलांनी एवढंच विचारलं, "पोरगं चुकलं का?"

"न्हाई, आबा."

"मग तसं कागदावर लिवा की."

तेव्हा जमलं नाही. आज लिहितो. लान्सनाईक एकनाथ चुकला नाही. सुतळी मी कापली होती.