कय्यूम पिंजाऱ्याचा लाल दोरा

लॉजच्या खोलीत शिरल्यावर कय्यूम मन्सुरी भिंतीचा रंग पाहत नसे, आरसा पाहत नसे, खिडकीतून दिसणारे सागवानही पाहत नसे. तो सरळ पलंगाशी जाई, चादर बाजूला सारी आणि माणसाची कंबर जिथे टेकते त्या जागी गादीवर मूठ दाबून धरी. मग मूठ उचलून पाहत राही. खळगा भरून आला, तर दाराची कडी, उशीचा वास आणि न्हाणीघरातली बादली यांच्याकडे वळे. खळगा तसाच राहिला, तर बाकी काही तपासण्याच्या भानगडीत तो पडत नसे. "जिथी कंबर बुडते, तिथी आरसा पाहून काय करता?" असे तो विचारी.

कय्यूम चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावचा. बापाकडून त्याला पिंजण मिळाली होती आणि तिची तात छेडून कापूस फुलवण्याची विद्याही. नव्वदच्या दशकात घरोघरी फोमच्या गाद्या आल्या आणि मूलमधले काम आटले. त्याच सुमारास चंद्रपुरापासून आलापल्लीपर्यंत लहान लहान लॉज उभे राहत होते, आणि त्यांना कापसाच्या गाद्याच परवडत. कय्यूमने पिंजण एसटीच्या टपावर बांधली आणि त्या पट्ट्यातले दोन्ही जिल्हे पालथे घातले.

लॉज वाढले, कारण लोकांना एक नवी हौस लागली होती. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांतले बाबू, शाळांतले गुरुजी, बँकेतले कारकून शनिवार-रविवारला एक रजा जोडत आणि बायकापोरांना घेऊन ताडोबाला, सोमनाथच्या धबधब्याला, मार्कंड्याला जात. जायचे कुठे हे सगळ्यांना ठाऊक होते. उतरायचे कुठे हे कुणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येक पाटीवर 'राहण्या-जेवणाची उत्तम सोय' एवढेच लिहिलेले असे. त्या पाट्यांमागच्या खोल्या आतून पाहिलेला, आणि ज्याला कुठल्याही मालकाचे कौतुक करण्याची गरज नव्हती असा माणूस एकच होता. लोक त्याला विचारू लागले.

त्याने पन्नास लॉज पारखले, असे मूलमध्ये आजही सांगतात. वहीत मात्र एकोणीसच नावे आहेत. ही वही त्याची बायको सुलताना लिहीत असे. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली होती, आणि गाद्यांची शिवणही तिचीच होती. नवरा प्रवासाहून आला की बोले, ती लिहून घेई. तिचे अक्षर नेटके आणि शेरे तोकडे आहेत. 'कुरखेडा, बसस्टँडमागे: गादी चांगली, उशी दगड, मालक नम्र.' 'चंद्रपूर, किल्ल्याजवळ: खोली हवेशीर, कडी आतून लागत नाही, बाईमाणसांनी जाऊ नये.' 'आलापल्ली: सर्व उत्तम, कोंबडा फार ओरडतो.'

पण वही मूलच्या दुकानात असे आणि लोक असत ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्लीत. त्यावर सुलतानाने उपाय काढला. कय्यूमने जी गादी उसवून, कापूस दोन दिवस उन्हात घालून, पिंजून पुन्हा भरली असेल, तिच्या उशाकडच्या डाव्या कोपऱ्यात खालून लाल दोऱ्याची एक फुली घालायची. ही बातमी बाजारातून कारखान्यांच्या वसाहतीत आणि वसाहतीतून शाळाशाळांत गेली. हळूहळू असे झाले की गिऱ्हाईक लॉजच्या वहीत नाव लिहिण्याआधी खोलीत जाई, गादीचा कोपरा उचलून पाही आणि मगच सामान आत आणी. आपल्या दोऱ्याला असा मान मिळालेला पाहून कय्यूम ताठ चाले. तसे चालण्याचा त्याला हक्कही होता.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत, बाजाराच्या दिवशी, भागीरथाबाई त्याच्या दुकानात आली. मूलजवळच्या खेड्यात तिची धानाची शेती होती. तिचा मुलगा अजय गडचांदूरला कारखान्यात नोकरीला होता. साठीपर्यंत ती नातेवाइकांच्या घराखेरीज कुठे झोपली नव्हती. आईला एकदा वाघ दाखवावा म्हणून अजयने तिला मोहर्लीला नेले होते, आणि लॉज कय्यूमला विचारून ठरवला होता. 'पळसबाग' हे त्याचे नाव.

"या बाई, बसा. वाघ दिसला का?" कय्यूमने विचारले.

"वाघ दिसला. तुयी गादी नाई दिसली."

दुकानात तीन गिऱ्हाइके होती. त्यांनी माना वर केल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही रात्री फरशीवर लुगडं आथरून झोपली मी. गादीत हे अशे ढेकळं. नांगरल्या बांधीत निजल्यावानी."

"दोरा नसन मंग."

"होता ना. कोपरा मीच उचलून पाह्यला. म्हणूनच तं पोराले म्हणलं, हेच चार नंबरची खोली घे." तिने पदराने कपाळ टिपले. तिचा आवाज चढला नव्हता. "मले राग नाई आला गा, कय्यूम. पन आता इचारावं कोणाले, हे समजून नाई राह्यलं."

ती उठून गेली. तिघांपैकी एक जण नंतर येतो म्हणाला आणि आला नाही.

कुणीतरी नकली दोरा लावला, याबद्दल कय्यूमला तिळमात्र शंका नव्हती. लॉजमालकाला लाल रीळ विकत घेणे काय अवघड? संध्याकाळच्या जेवणापर्यंत त्याने चोरही ठरवला होता आणि शिक्षाही. सुलताना ताटात भाकरी वाढत म्हणाली, "पहले देखो. फिर बोलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पळसबागेत पोहोचला. मालक लच्छूशेठ ओसरीत पंख्याखाली बसला होता.

"या, दोरेवाले साहेब. आज पिंजण नाई आणली?"

"चार नंबरची गादी दाखव, शेठ."

खोलीत जाऊन कय्यूमने कोपरा उलटला. लाल फुली होती. त्याने ती नखाने उचलली आणि गाठ पाहिली. दोन वेढे, आणि शेवटचे टोक मागे वळवून शिवणीत लपवलेले. अशी गाठ दोन्ही जिल्ह्यांत एकच बाई मारत असे. तिनेच आदल्या संध्याकाळी त्याला भाकरी वाढली होती.

त्याने शिवण चार बोटे उसवून आत हात घातला. कापूस काळवंडून घट्ट बसला होता, ओल लागून त्याचे गोळे झाले होते.

"ही कवाची गादी?"

"छ्यान्नवची. ह्या खोल्या बांधल्या तवा तूच तं भरली."

मधे पाच पावसाळे गेले होते. कापूस मेला होता आणि दोरा मात्र नव्यासारखा लालभडक होता.

"मंग मले बोलावलं काऊन नाई?"

लच्छूशेठला या प्रश्नाचे मनापासून नवल वाटले. "काऊन बोलावू? लोक दोरा पाहून येतच होते. गादी कोण पाहते?"

कय्यूम पलंगाच्या कडेवर बसला. त्याला फसवणारे कुणी नव्हते. वर्षानुवर्षे तो गाद्या पारखत आला होता. एकदा पारखलेली गादी किती दिवस चांगली राहते, हे मात्र त्याने कुणाला सांगितले नव्हते. वहीतल्या एकाही नोंदीला तारीख नव्हती.

लच्छूशेठने त्याचा चेहरा पाहिला आणि तो जवळ येऊन बसला. माणूस वाईट नव्हता. "हे पाय कय्यूम, म्हण का कोणी तरी नकली दोरा लावला. मी बी तेच सांगतो. त्या बुढीले पटन. तुयं नाव राहते, मायं बी राहते."

आदल्या संध्याकाळी कय्यूमने हेच तर ठरवले होते. फरक इतकाच की तेव्हा त्याला ते खरे वाटत होते. त्याने खिशातून कात्री काढली आणि फुली कापली. मग तो पाच नंबरच्या खोलीत गेला.

"अबे, सीझन तोंडावर आला! लोक दोरा मांगतीन!"

"मांगू दे. नाई म्हणून सांग. खरंच हाय ते."

त्या दुपारी त्याने पळसबागेतल्या चौदाही गाद्यांचे दोरे कापले. नंतर तो उरलेल्या अठरा लॉजमध्ये गेला. पळस फुललेला असताना सुरू केलेले हे काम आंबे उतरेपर्यंत चालले. पळसबागेसह अकरा ठिकाणी एकही दोरा उरला नाही. पाच ठिकाणच्या गाद्या अजून सुस्थितीत होत्या म्हणून तिथले दोरे तसेच ठेवले. आणि तीन मालकांनी त्याला दारातूनच परत पाठवले. हे आकडे वहीत आहेत, आणि त्या तिघांची नावेही, शेऱ्याविना. आपल्याच हाताने आपले नाव पुसत फिरणारा पिंजारी म्हणून लोक त्याला हसले. एका मालकाने विचारले, डोके फिरले काय? कय्यूम म्हणाला, "डोकं जागेवर आलं, शेठ. गादी दाखव."

दुकानाच्या दारावर त्याने एक पाटी टांगली. तीवर सुलतानाच्या अक्षरात लिहिले होते: 'लाल दोऱ्यावर विश्वास ठेवू नये. मोहर्लीची गादी आमचीच होती. कय्यूम.' पाटी वाचून आत येणारा प्रत्येक जण विचारी, मग विश्वास कशावर ठेवायचा? त्याचेही उत्तर सुलतानाने शोधले होते. दर वर्षी दोऱ्याचा रंग बदलायचा. दोन हजार एकचा पिवळा, दोनचा निळा. दोन पावसाळे खाल्लेला रंग मेला समजायचा, मग गादी कितीही गुबगुबीत दिसो. कोणत्या वर्षी कोणता रंग, ते पाटीवर लिहायचे.

लच्छूशेठने दिवाळीनंतर निरोप धाडला. उन्हाळ्यात त्याच्या ओसरीत गिऱ्हाइके येत, कोपरे उचलत आणि शेजारच्या लॉजकडे वळत. कय्यूम गेला आणि चौदाही गाद्या त्याने नव्याने भरल्या. शिवायला सुलताना सोबत होती. पिवळा दोरा मात्र त्याने लावू दिला नाही. तिथून तो थेट भागीरथाबाईच्या खेड्यात गेला. धानाची कापणी चालू होती. ती बांधावर उभी होती.

"बाई, एकडाव मोहर्लीले चाला."

"वाघ पाह्यला मी."

"वाघ नाई. गादी पाहाले. तुमी हो म्हणान तं दोरा लागन. नाई म्हणान तं नाई लागन."

तिने विळा कमरेला खोचला. "आन मी मुद्दामच नाई म्हणलं तं?"

"तं नाई लागन."

कापणी आटोपल्यावर अजय आईला घेऊन आला. दुपारचे बारा वाजले होते. चार नंबरच्या खोलीत जाऊन भागीरथाबाईने आधी कडी लावून पाहिली, बादली पाहिली, उशी हुंगली. हे सारे तिने न सांगता केले, आणि कय्यूम दारातून पाहत राहिला. मग तिने गादीवर मूठ दाबली. खळगा वर आला. "बाहेर व्हा सारे," ती म्हणाली आणि दार लावून घेतले.

ओसरीत तिघे पुरुष आणि सुलताना बसून राहिले. अर्धा तास गेला. लच्छूशेठ कुजबुजला, "मेली का काय बुढी?"

"घोरून राह्यली," अजय म्हणाला. "ऐका."

चौघांनी ऐकले. ते घोरणे चांगले भरदार होते. कय्यूम खाली पाहत होता, पण त्याचे खांदे पुन्हा पूर्वीसारखे ताठ झाल्याचे सुलतानाने पाहिले.

दीड तासाने दार उघडले. भागीरथाबाईच्या गालावर चादरीची वळी उमटली होती. सुलतानापुढे तिने हात केला.

"दे तो पिवळा दोरा. मीच लावीन."

तिने पलंगाशी बसून फुली घातली. जाड बोटांची, वाकडी फुली. गाठ एकाच वेढ्याची. सुलतानाची सुई दुरुस्तीसाठी पुढे झाली, तेव्हा कय्यूमने मान हलवून तिला थांबवले.

वहीत पळसबागेची जुनी नोंद खोडलेली नाही. तिच्याखाली दुसरी आहे: 'मोहर्ली, पळसबाग, खोली चार. दिनांक पाच डिसेंबर दोन हजार एक. भागीरथाबाई दीड तास झोपल्या. दोरा त्यांच्या हातचा.' तारीख असलेली त्या वहीतली ती पहिली नोंद. त्यापुढची एकही नोंद तारखेशिवाय नाही.